वाचक विचारतात: स्तनाच्या ऑपरेशननंतर कुणाचं दुखणं राहणार, हे आधी कळतं का?

मागच्या अंकात स्तनाच्या ऑपरेशननंतर घरी काय काळजी घ्यायची त्यावर मी लिहिलं होतं. त्यात एक वाक्य असं होतं की काही जणींचं दुखणं तीन महिन्यांनंतरही राहतं. बहुतेक पत्रं आणि मेसेज त्या एका वाक्यावरच आलेत, सातारा, तासगाव, कराड, विटा, वाई, सगळीकडून, म्हणून यावेळचं सदर पूर्ण ह्याच विषयाला दिलंय. मी भूलतज्ज्ञ आहे आणि दुखण्याची ओपीडी बघते, त्यामुळे केमो कुठली, किती डोस, हे प्रश्न तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनाच विचारा. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न: मॅडम, नमस्कार. वय ४३, साताऱ्यात हायस्कूलला शिक्षिका आहे. उजव्या स्तनात गाठ निघाली, बायोप्सीत कॅन्सर आलाय, पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. नेटवर वाचलं की निम्म्या बायकांना नंतर कायम दुखतं आणि तेव्हापासून झोप उडालीय. मला दुखणार की नाही हे आधी सांगणारी एखादी टेस्ट आहे का? मला मायग्रेन जुना आहे. आणि त्या बाजूला आत्तापासूनच दुखतंय, पण ते कुणी फारसं मनावर घेत नाही, म्हणतात कॅन्सरची गाठ दुखत नसते.

ताई, आधी तो निम्म्याचा आकडा बघू. तो खरा आहे पण अर्धाच वाचला की घाबरवतो. २००९ साली डेन्मार्कमधला एक मोठा अभ्यास छापून आला, ऑपरेशन होऊन दोन-तीन वर्षं झालेल्या तीन हजारांवर बायकांना विचारलं होतं आणि ४७ टक्के म्हणाल्या की हो, दुखतं. पण ह्या दुखणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचं दुखणं हलकं होतं, जोराचं म्हणाल्या त्या त्यांच्यातल्या १३ टक्के. नंतर फिनलंडमध्ये हेलसिंकीला ८६० बायकांना ऑपरेशननंतर वर्षभराने विचारलं, तर साधारण एक तृतीयांश जणींना काहीच दुखत नव्हतं, निम्म्या जणींना थोडंसं, आणि मध्यम किंवा जोराचं दुखणं शंभरात सोळा जणींना. रोजच्या कामात आडवं येतं, झोप मोडतं ते हे दुखणं, तेव्हा आपल्याला आधी ओळखायच्यात त्या ह्या सोळा जणी.

आता टेस्टचं. रक्ताची, स्कॅनची अशी टेस्ट नाही. पण त्याच हेलसिंकीच्या डॉक्टरांनी डेन्मार्क आणि स्कॉटलंडवाल्यांना बरोबर घेऊन २०१७ साली एक हिशोब मांडला, की वर्षाने कुणाला मध्यम ते जोराचं दुखणं राहतं. बऱ्याच गोष्टी तपासल्या आणि शेवटी मोजक्याच टिकल्या, ऑपरेशनच्या जागी आधीपासून दुखत असणं, वजन जास्त असणं, काखेतल्या गाठी (म्हणजे लसग्रंथी, त्या प्रत्येकाच्याच काखेत असतात) सरसकट काढाव्या लागणं, आणि ऑपरेशननंतर सातव्या दिवशी किती दुखतंय. मला ह्यात सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं सांगू का, चारातल्या दोन गोष्टी, आधीचं दुखणं आणि सातव्या दिवसाचं दुखणं, बाईने स्वतःच्या तोंडाने सांगितल्याशिवाय कुठल्याच मशीनला कळत नाहीत. आणि आपल्या बायका नेमक्या ह्याच दोन गोष्टी सांगत नाहीत. राउंडला डॉक्टर आले की "बरं आहे" म्हणतात आणि ते गेले की उशीत तोंड घालतात.

हा हिशोब किती बरोबर येतो, तर दोन बायका घ्या, एकीला पुढे त्रास झालाय, दुसरीला नाही, तर त्या दोघींत जास्त धोका कुणाला होता हे तो अशा शंभर जोड्यांपैकी साधारण ७४ जोड्यांत बरोबर ओळखतो. नाणं उडवून पन्नास बरोबर आले असते. म्हणजे उपयोगाचा आहेच, पण एखाद्या बाईला समोर बसवून "तुला दुखणारच" म्हणून सांगण्याइतका पक्का नाही, आणि तो बसवलाय तो तिकडच्या बायकांवर, ज्या भाकरी थापत नाहीत की विहिरीवरनं घागर आणत नाहीत. मी त्याचा उपयोग एवढ्यासाठीच करते की कुणावर जास्त लक्ष ठेवायचं ते ठरावं.

तुमच्या बाबतीत बघितलं तर त्या बाजूला आत्ताच दुखतंय ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. बहुतेक कॅन्सरच्या गाठी दुखत नाहीत हे खरं, पण म्हणून तुमचं दुखणं खोटं ठरत नाही, बायोप्सीच्या सुईमुळे असेल, आणखी कशाने असेल, ते आहे एवढं पुरे. मायग्रेन, जुनी कंबरदुखी असं अंगात आधीपासून मुरलेलं दुखणं असलं की धोका थोडा वाढतो. कमी वयातल्या बायकांना जास्त वयातल्यांपेक्षा हा त्रास जास्त होतो हेही बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. झोप न लागणं आणि सतत धास्ती असणं ह्याचाही भाग आहे, पण त्याचा अर्थ दुखणं मनाचं आहे असा काढू नका, मेंदू आणि मणक्यातली नसांची यंत्रणा थकलेल्या अंगात जास्त चाळवते एवढाच त्याचा अर्थ, आणि झोपेवर ऑपरेशनच्या आधी इलाज करता येतो म्हणून ते मुद्दाम सांगतेय.

काखेचं काय करणार हे सर्जनना जरूर विचारा. आता बऱ्याच जणींना सेंटिनल नोड बायोप्सी करतात, म्हणजे रंग टाकून काखेतल्या सगळ्यात पहिल्या एक-दोन-तीन गाठी शोधायच्या, तेवढ्याच काढून तपासायच्या, आणि त्या स्वच्छ असल्या तर बाकीच्यांना हात लावायचा नाही. काख जितकी कमी उकरली तितकं पुढचं दुखणं आणि हाताची सूज कमी. पण गाठीत कॅन्सर पोचला असेल आणि सगळ्या काढायला पाहिजेत असं सर्जन म्हणाले तर दुखण्याच्या भीतीने नको म्हणू नका, आधी आजार.

फिटनेससाठी भूलतज्ज्ञांकडे जाल तेव्हा ते बीपी, शुगर, दमा विचारतील, मायग्रेनचं आणि ह्या दुखण्याचं तुम्ही होऊन सांगा आणि पेपरवर लिहून घ्या म्हणा. मग ऑपरेशननंतर रोज संध्याकाळी घरच्या कॅलेंडरवरच, दुधाचा हिशोब लिहितो तसे त्या तारखेच्या चौकोनात दोन आकडे लिहायचे, शून्य ते दहामधले, एक गप पडून असताना किती दुखतंय आणि दुसरा हात वर करताना किती. सातव्या दिवशी दुसरा आकडा चार किंवा त्याच्या वर असेल, किंवा आदल्या दिवसांपेक्षा वाढत चाललाय असं दिसलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा आणि आकडा सांगा. "दुखतंय" म्हटलं की "दुखणारच थोडं" असं उत्तर येतं, आकडा सांगितला की समोरचा विचार करतो, हे मी दोन्ही बाजूंनी बघितलंय. फळ्यावर लिहायची घाई नको, पण खांदा हलवणं सोडू नका, त्याचं पुढे वाईच्या ताईंच्या पत्रात येईलच.

प्रश्न: मी तासगाव तालुक्यातली, बी.कॉम. करतेय. आईचं (वय ५६) गेल्या दिवाळीच्या आधी ऑपरेशन झालं, डावा स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या, मग केमो आणि रेडिएशन. आता टॅमॉक्सिफेन (कॅन्सर परत येऊ नये म्हणूनची गोळी) चालू आहे. वर्ष झालं तरी काखेत आणि दंडाच्या आतल्या बाजूला आग होती म्हणते, मधेच करंट लागल्यासारखी चमक मारती, आणि ब्लाऊजची बाही नुसती घासली तरी ओरडती. आमची द्राक्षबाग आहे, मांडवाखाली हात वर धरून विरळणी करायला तिला पाच मिनिटं जमत नाही. स्कॅन चांगला आलाय. त्यामुळं भावकीतले म्हणतात मनाचं आहे, काम टाळती. हे आधी कळलं असतं का, आणि आता काही होऊ शकतं का?

तुझ्या आईचं मनाचं नाही, हे पत्र भावकीला वाचून दाखव. दुसऱ्या बरगडीच्या जवळून एक नस निघते, काखेतून आडवी जाते आणि दंडाच्या आतल्या कातडीला पोचते. काखेतल्या गाठी काढायच्या म्हणजे सर्जनला बरोबर तिच्याच आजूबाजूला काम करावं लागतं, कधी ती ताणली जाते, कधी वाचवता येत नाही म्हणून कापावी लागते, आणि ही सर्जनची चूक नव्हे, जागाच तशी अडचणीची आहे. तू लिहिलेली जागा, काख आणि दंडाची आतली बाजू, अगदी त्याच नसेची आहे. दुखावलेली नस मग घरावरनं मांजर गेलं तरी भुंकत सुटणाऱ्या कुत्र्यासारखी वागते, बाही घासली काय नि वारा लागला काय. स्कॅनमध्ये हे दिसत नाही, स्कॅन गाठ बघायला असतो, नसेचं दुखणं बघायला नसतो.

नसेचं दुखणं ओळखायला आम्ही दहा गोष्टींचा एक तक्ता वापरतो, डीएन-फोर म्हणतात त्याला. आग होते का, बोचरा गारवा वाटतो का, करंट बसतो का, मुंग्या येतात का, टाचण्या टोचल्यासारखं होतं का, बधिर वाटतं का, खाज येते का, एवढं विचारतात आणि मग त्या जागी हलका स्पर्श आणि टाचणी कमी जाणवते का, ब्रश फिरवला तर दुखतं का हे तपासतात. दहातल्या चार किंवा जास्त गोष्टींना हो आलं की नसेचं दुखणं धरायचं. तुझ्या पत्रातच आग, करंट आणि स्पर्शाने दुखणं अशा तीन आल्यात, म्हणजे तपासल्यावर चार भरतील असं मला वाटतंय.

आधी कळलं असतं का, तर काखेतल्या सगळ्या गाठी काढलेल्या आणि वर रेडिएशन, ह्या दोन्हींनी धोका वाढतो हे ऑपरेशनच्या वेळीच माहीत असतं. तिला पहिल्या आठवड्यात फार दुखत होतं का आणि ते तिने कुणाला सांगितलं का, हे एकदा विचारून बघ. पण त्याचा आता घरात कुणी कुणाला दोष देऊ नका, त्यातून काही निघत नाही.

इलाज आहे, आणि वर्ष झालं म्हणून वेळ गेली असं अजिबात नाही. नेहमीच्या अंगदुखीच्या गोळ्या ह्या दुखण्यावर फारशा चालत नाहीत, उगाच पोट आणि किडनी खराब करून घेऊ नका. नसेच्या दुखण्याला गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन अशी औषधं असतात, कमी डोसने चालू करून हळूहळू वाढवायची, गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला गुंगी येते म्हणून रात्री द्यायची. पण एक लक्षात ठेव, आई टॅमॉक्सिफेनवर आहे. ते औषध अंगात गेल्यावर लिव्हरमध्ये त्याचं रूप बदलतं तेव्हा त्याचा खरा असर होतो, आणि ड्युलोक्सेटिनसारखी काही औषधं त्या बदलात आडवी येतात. म्हणून दुखण्याच्या डॉक्टरांना टॅमॉक्सिफेनची स्ट्रिप दाखवायचीच, आणि मेडिकलमधनं परस्पर काही आणायचं नाही. कातडीवर लावायचे लिडोकेनचे मलम, पट्ट्या असतात, फार दुखत असेल तर नसेजवळ इंजेक्शनही देता येतं.

घरी तू रोज थोडा वेळ एक काम कर, आधी कापूस घेऊन त्या जागेवर हलकेच फिरवायचा, तो सोसायला लागला की धुवून मऊ झालेलं सुती लुगडं, मग टॉवेल, असं करत कातडीला स्पर्शाची सवय लावायची, रडेपर्यंत ताणायचं नाही. ब्लाऊजच्या काखेत जिथे चार शिवणी एकत्र येतात तो जाड गठ्ठा बरोबर दुखऱ्या जागेवर घासतो, तर शिलाईवाल्या ताईंना सांगून तिथे मऊ कापडाचा तुकडा घालून घे आणि बाही सैल ठेव. बागेत तिला मांडवाखालच्या कामाऐवजी टेबलावर बसून घड निवडायचं, पेटी भरायचं काम द्या, हात खांद्याच्या खाली राहतो, आणि तीही घरात बसून कुढणार नाही.

आणि हे मात्र लगेच दाखवायचं: नवी गाठ हाताला लागली, हात सुजला, लाल होऊन ताप आला, हाताची ताकद कमी व्हायला लागली, किंवा पाठीत-बरगडीत नवीन दुखणं सुरू होऊन रात्री वाढायला लागलं, तर दुखण्याच्या गोळ्या घेत बसू नका, थेट कॅन्सरच्या डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न: कराडहून लिहितोय. मिसेसच्या ऑपरेशनच्या वेळी पाठीत मणक्याजवळ ब्लॉकचं इंजेक्शन देतो, पुढं कधी दुखणार नाही असं सांगितलं होतं. तरी सहा महिने झाले दुखतंयच. ब्लॉक चुकला काय?

दादा, चुकला असंच काही नाही. ब्लॉक म्हणजे त्या भागाच्या नसा काही वेळ बधिर करणारं इंजेक्शन, त्याने पहिला दिवस-दीड दिवस छान जातो, मळमळ कमी होते, मी स्वतः देते आणि देत राहणार. ब्लॉक दिला तर पुढचं दुखणं टळेल ही आशा आम्हा भूलतज्ज्ञांना बरीच वर्षं होती, आणि छोट्या अभ्यासांत तसं दिसायचंही. मग २०१९ साली दोन हजारांवर बायकांवरचा मोठा अभ्यास आला, निम्म्यांना हा मणक्याजवळचा ब्लॉक आणि निम्म्यांना नेहमीची पूर्ण भूल, तर सहा महिन्यांनी दोन्हीकडे जखमेच्या जागी दुखणाऱ्या ५२ टक्के, अगदी सारख्या, आणि वर्षाने दोन्हीकडे साधारण २८. त्यामुळे "पुढे कधीच दुखणार नाही" असा शब्द कुणी देऊ नये हे माझं मत आहे. ह्याच आकड्यांतली दुसरी गोष्ट तुमच्या कामाची आहे, सहा महिन्यांच्या ५२ वरून वर्षाला २८ झाले, म्हणजे बऱ्याच जणींचं कमी होतं. नुसती वाट बघत बसायला नको, पण धीर सोडायचंही कारण नाही. मिसेसना तासगावच्या पत्रातली लक्षणं विचारा आणि तपासून घ्या.

प्रश्न: वय २९, विटा. माझी गाठ साधी निघाली, फायब्रोॲडेनोमा. आठ महिने झाले, टाक्यांच्या कडेला एका ठिकाणी बोट लावलं की कळ जाते. सांगितलं की सगळे म्हणतात कॅन्सर नाही ना, मग झालं तर.

कॅन्सर नव्हता ही फार चांगली बातमी, पण टाका जिथे पडला तिथल्या बारीक नसेला गाठ साधी की वाईट ह्याच्याशी काही घेणं नसतं. साध्या गाठीनंतरही दुखणं राहू शकतं. एका बोटाने दाखवता येईल अशी जागा असेल तर तिथे नसेच्या टोकाची बारीकशी गाठ बनलेली असू शकते, आणि त्यावर त्याच जागी बधिरतेचं औषध आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन बघता येतं. पेनने त्या जागेवर ठिपका काढून जा, डॉक्टरांना शोधत बसायला नको.

प्रश्न: वाई. ऑपरेशनला पाच आठवडे झाले. हात वर केला की काखेतून कोपरापर्यंत कातडीखाली तारेसारखं काहीतरी ताणतं, दिसतं पण. सासूबाई म्हणतात नस तुटेल, हात हलवू नको.

ताई, हे काखेतल्या गाठींच्या ऑपरेशननंतर बऱ्याच जणींना होतं, पहिल्या काही आठवड्यांतच दिसतं, कधी एक तार, कधी दोन-तीन. ती नस नाही, काखेतल्या बारीक लसवाहिन्या आणि त्यांच्या भोवतीचा भाग कडक होऊन ती तयार होते, आणि धोकादायक नसते. सासूबाई मायेने सांगतायत पण हात बांधून ठेवला तर खांदा आखडेल आणि मग दोन दुखणी होतील. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, बोटं भिंतीवर टेकवून हळूहळू वर चालवत न्यायची, ताण जाणवला की तिथे दहा आकडे मोजून थांबायचं, पेन्सिलने खूण करायची आणि उद्या त्या खुणेच्या थोडं वर. फिजिओथेरपिस्टला एकदा तरी दाखवा. इंग्लंडमध्ये ज्यांच्या खांद्याला त्रास होण्याची जास्त शक्यता होती अशा जवळपास चारशे बायकांवर अभ्यास झाला, २०२१ साली छापून आला, ऑपरेशननंतर सात-दहा दिवसांतच फिजिओथेरपिस्टने हळूहळू व्यायाम चालू करून दिले त्या बायकांचा हात वर्षाने जास्त चांगला चालत होता आणि दुखणंही कमी होतं. ज्यांना धोका जास्त त्यांना आधी शोधायचं आणि त्यांच्याकडे आधी जायचं, हे तिथे करून दाखवलंय, म्हणून तो अभ्यास मला फार आवडतो.

प्रश्न: मी मिरजेत सर्जिकल वॉर्डला स्टाफ नर्स आहे. अशा बायका आधीच ओळखायला आम्ही वॉर्डात काही फॉर्म भरून घ्यावा का? फॉर्म आधीच ढीगभर आहेत.

सिस्टर, नवीन फॉर्म नकोच. ॲडमिशनच्या पेपरवर कोपऱ्यात चार गोष्टी लिहा, त्या जागी आधीपासून दुखतं का, अंगात दुसरं जुनं दुखणं आहे का, झोप लागते का, आणि वजन-उंची तर तुम्ही घेताच. ऑपरेशन झालं की काखेतल्या गाठी सरसकट काढल्या का सेंटिनलवर भागलं ते त्याच्याच खाली. हे पाच मिनिटांचंही काम नाही. ज्यांच्या पेपरवर दोन-तीन गोष्टींना हो आहे त्यांच्या डिस्चार्जला फिजिओची तारीख आणि दुखण्याच्या ओपीडीची तारीख आधीच टाकून द्यायची, त्यांनी येऊन मागायची वाट बघायची नाही, कारण त्या मागत नाहीत. विचारताना "दुखत नाही ना?" असं विचारू नका, त्याला सगळ्या मान हलवतात. "हात वर करताना दहातलं किती?" असं विचारा, आणि हात वर करायला लावून विचारा. बऱ्याच जणी ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) असतानाच घरी जातात, त्यामुळे सातव्या दिवशी तुमच्याकडे कॉटवर कुणी नसेलच, तेव्हा तो आकडा फोनवर घ्यावा लागेल. फोन नंबर बहुतेक वेळा नवऱ्याचा किंवा मुलाचा लिहिलेला असतो, तो उचलेल आणि "बरी आहे ती" म्हणेल. त्याला म्हणा, फोन तिच्याकडे द्या.